चौथा ठोका त्याचा

७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

काल तुला पुन्हा फोन लावला. वाजून वाजून तोच कंटाळला, म्हणून लिहायला बसले. बाबा नेहमी म्हणायचे, "तिला फोन करू नकोस, पत्र लिही." मला वाटायचं, तुम्हा बहीणभावाचं काहीतरी बिनसलंय आणि कागदावर भांडण जरा कमी होतं, एवढंच.

बातमी चांगली नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आला. दुरुस्तीच्या दुकानात कुणाचा तरी फाटका स्पीकर उघडून बसले होते. डाग देण्याची सळई टेबलावर तशीच तापत राहिली. जळका वास आला म्हणून शेजारचा किल्लीवाला धावत आला. उजवी बाजू लुळी पडलीय, तोंड एकीकडे ओढलं गेलंय, आणि बोलणं पार गेलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यांना समजतं सगळं, फक्त शब्दांना बाहेर यायची वाट सापडत नाही. पुढचा झटका आला तर सोसणार नाही, हे मात्र त्यांनी मला जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं.

आता घरी आणलंय. आणि एक विचित्र चाललंय. डाव्या हाताने ते पलंगाच्या लोखंडी दांडीवर टकटक करतात. तीनदा. मग थांबतात आणि आमच्याकडे बघत राहतात. मग पुन्हा तीनदा. सांभाळायला ठेवलेल्या मावशींनी पहिल्याच दिवशी अर्थ लावला, "लघवीचं भांडं पाहिजे." तेव्हापासून तीन टकटक झाली की मावशी भांडं घेऊन हजर. बाबा भांड्याकडे बघतात, मावशींकडे बघतात आणि भिंतीकडे तोंड फिरवतात. मी पाणी देऊन पाहिलं, चष्मा दिला, उशी बदलली. रेडिओ लावला तर त्यांनी असं काही बघितलं की मीच तो मुकाट्याने बंद केला.

शाळेत पोरांना ड्रम शिकवते, ठोके ओळखणं हे माझं पोट, आणि घरातले तीन ठोके मला कळत नाहीत. ये ना गं. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
भिंगरी

वाढदिवसाला पाठवलेली, आवाज अडवायला कानात घालायची बुचं मिळाली. दरवर्षीप्रमाणे. लोकांच्या आत्या कपडे पाठवतात.


१२ फेब्रुवारी

लाडके भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातल्या पुस्तकाला लावलेली खळ वाळून गेली. एवढ्या वर्षांच्या पुस्तकबांधणीत असं कधी झालं नव्हतं. पण ते जाऊ दे. आधी मावशींना सांग, भांडं खाली ठेवा.

तुझा बाबा लहानपणी अडखळायचा, हे तुला कुणी सांगितलं नसणार. तू झालीस तोवर तो बराच सरळ झाला होता. पहिला शब्द घशात असा अडायचा की चेहरा लालबुंद व्हायचा. त्यातून आमचं घर वाजवणाऱ्यांचं. तुझे आजोबा अग्निशमन दलाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, काका क्लॅरिनेट, आणि आईसुद्धा भांडी घासायची ती तालात. असल्या घरात एकाच पोराचा सूर निघेना. आजोबांना वाटे, मुलाने ट्रम्पेट हातात घ्यावी आणि मुलीने ती घासून चकचकीत ठेवावी. मी घासायची. घासता घासताच ताल हातात बसला, हे त्यांना फार उशिरा कळलं.

जेवताना आजोबा विचारायचे, "काय रे, आज काय शिकलास?" की झालं, हा अडकला. मी टेबलाखालून त्याच्या मांडीवर ठोके द्यायची. आधी चार देत होते, तर चौथा पडला की तो आणखी घाबरायचा. एकदा तीन दिले आणि तेवढ्यात आईने मला पाणी मागितलं. चौथा राहिला. त्या रिकाम्या जागेत हा धडाधड बोलायला लागला! तेव्हापासून ठरलं. तीन माझे, चौथा त्याचा. तिथे मी पाऊल टाकायचं नाही.

पुढे आमचा बँड झाला तेव्हाही तेच. "गळका नळ" हे नाव तुझ्या बाबानेच ठेवलं. लॉन्ड्रीच्या खालच्या तळघरात आम्ही वाजवायचो आणि डोक्यावरून खरंच पाणी ठिबकायचं. तो गिटार घेऊन गायचा, मी ड्रमवर, आणि तिसरा आमचा दोस्त खिळा. खिळा म्हणजे इतका वाळका की टोपी अडकवावी. ड्रमसेट कसला, दलाने टाकून दिलेला मोठा ढोल आडवा पाडला होता आणि आत घोंगडी कोंबली होती. कपड्यांना नंबर टोचायच्या पिना आम्ही लॉन्ड्रीतून उचलायचो आणि अंगभर लावायचो. पंक, म्हणजे ती आरडाओरडीची गाणी वाजवणारे, दिसायला दुसरं काही परवडतच नव्हतं. सगळ्या गावात असले तीन बँड. ऐकणारेही तेच, वाजवणारेही तेच. ड्रमवर बाई मी एकटीच. "पोरगी दमली का?" असं कुणी ओरडलं की खिळा म्हणायचा, "ती दमेल तेव्हा तुझी मुलं शाळेत जात असतील."

सगळे ड्रमवाले काठ्यांचे चार ठोके मोजून गाणं सुरू करतात. मी तीनच मोजायची. लोक हसायचे, हिला चारपर्यंत येत नाही म्हणायचे. म्हणोत.

तर असं आहे. त्याला भांडं नको, चष्मा नको. तो वाट बघतोय. तू ड्रमवाली आहेस. त्याच्या पलंगाशी बस, तीन ठोके दे आणि चौथा सोड.

मला यायला जमणार नाही. गुडघे पायरीला मानत नाहीत, आणि घरात मांजर व्यालीय.

काळजीत असलेली,
आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले आणि मग काठ्या घेऊन बाबांकडे गेले. भांडं मावशींनी मोठ्या नाराजीने खाली ठेवलं. "बघा हं, चादर तुम्ही धुवायची," म्हणाल्या.

मी दांडीवर ठोके दिले. तीन, अगदी घड्याळासारखे. चौथा सोडला. काठ्या बघून बाबांचे डोळे असे चमकले होते की मला वाटलं आता होणार. त्यांनी तोंड उघडलं. काही नाही. मान हलवली. मी पुन्हा दिले. पुन्हा मान हलवली. मग तिसऱ्या ठोक्याला त्यांनी माझं मनगट धरलं, काठी हवेतच, आणि सोडेनात.

मी काय समजायचं? मला वाटतं, ते म्हणतायत, बंद कर. माझं वाजवणं त्यांनी कधी बसून ऐकलंच नाही, आत्या. शाळेच्या कार्यक्रमाला यायचे ते दाराशी उभे राहायचे आणि संपल्यावर एकच प्रश्न, "बुचं घातली होतीस ना?" आई म्हणायची, मी झाले आणि त्यांनी बँड सोडला, त्यामुळे ड्रम बघितला की त्यांना ते आठवतं. म्हणजे माझ्यामुळेच.

काठ्या कपाटावर ठेवून दिल्यात.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

वेडाबाई,

काठ्या खाली काढ.

त्याने मनगट धरलं ते "बंद कर" म्हणून नाही. "थांब जरा" म्हणून. घड्याळासारखे दिलेस, इथेच चुकलं. तू शिकलेली, तुझा हात सरळ. माझा तिसरा ठोका कधी वेळेवर पडलाच नाही.

तुला गंमत सांगते. तळघराच्या आवाजाची कुणीतरी तक्रार केली आणि तुझे आजोबा पितळी गुंड्यांचा गणवेश घालून आले. आम्हाला वाटलं, आता आग लागल्यासारखी पाण्याची नळी सोडतात. ते जिन्याच्या तळाशी कानात बोटं घालून शेवटपर्यंत उभे राहिले. घरी जाताना एवढंच म्हणाले, "तिसरा ठोका उशिरा देतेस." दुसरं काही नाही. ना शाबास, ना लाज वाटत नाही का. मी खाली मान घालून "हो" म्हटलं. मुद्दाम देते, हे कशाला सांगू? त्यांच्यासमोर त्याच्या अडखळण्याचा विषय काढायचा नाही, असा आमचा दोघांचा करार होता.

मी काठीकडे बघायचेच नाही. त्याच्या गळ्याकडे बघायची. दोन ठोके दिले की तो श्वास घ्यायला लागायचा, खांदा वर यायचा. खांदा वर आला, की तिसरा. कधी लवकर यायचा, कधी जीव खाऊन यायचा. तोवर थांबायचं. अख्खं तळघर थांबलेलं असायचं.

तसं करून बघ. घाई करू नकोस. आणि वाजवणं संपल्यावर तो नेहमी म्हणायचा, "वाईट झालं ना गं?" रोज हेच. काठी पुसत मी रोज एकच उत्तर द्यायची, "चल, पुन्हा वाजवू." ते आता तू म्हण.

मांजरीची पिल्लं डोळे उघडायला लागलीत.

आत्या


२ मार्च

आत्या,

झालं. म्हणजे एकच शब्द झाला.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसले. दोन ठोके दिले. त्यांचा श्वास फार हळू वर येत होता, मी काठी तशीच उचलून धरली. दारात मावशी, हातात भांडं, पण त्यासुद्धा श्वास रोखून उभ्या. खांदा वर आला. मी तिसरा दिला. आणि रिकाम्या जागेत बाबा म्हणाले, "ताई."

स्वच्छ. मग हसले, आणि मग माझ्यामागे दाराकडे बघायला लागले. तू उभी असशील असं वाटून. मावशी बाजूला सरकल्या, त्यांना वाटलं त्या आड येतायत.

त्यानंतर काही नाही. रोज बसते, रोज तेच. "ताई," आणि दाराकडे नजर.

आता मी स्पष्ट विचारते, राग आला तरी चालेल. गुडघे आणि मांजर मला सांगू नकोस. बसने सकाळी निघालीस तर संध्याकाळी इथे पोचशील. आई गेली तेव्हा आलीस ती मागे उभी राहिलीस, कुणाशी बोलली नाहीस आणि न जेवता निघून गेलीस. फोन उचलत नाहीस. बाबांचं तोंड सरळ होतं तेव्हाही तुम्ही दोघं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून बोलला नाहीत. बँड सोडला एवढ्यावरून? एवढी कसली अढी? डॉक्टरीणबाईंनी काल पुन्हा मला जिन्यात नेलं होतं. तू आली नाहीस तर ते दाराकडे बघत बघत जातील, आणि मला तुझ्याशी बोलता येणार नाही, कधीच.

भिंगरी


७ मार्च

भिंगरी,

अढी नाही गं. कसली अढी?

मला ऐकू येत नाही.

बघ, लिहिलं की केवढंसं वाक्य आहे! ते लिहायला चार कागद फाडले. डावा कान बँडमध्ये असतानाच गेला, उजवा त्याच्या मागोमाग हळूहळू. आता दोन्ही बंद. फोन वाजतो तो मला दिसत नाही, म्हणून उचलत नाही. खालचा शिंपी कधी वर येऊन हाताने खुणा करतो, तेव्हा कळतं की वाजत होता. तुझ्या आईच्या वेळी लोक बोलत होते आणि मला ओठ हलताना दिसत होते. भलत्याच बोलण्याला मान डोलावेन या भीतीने मागे उभी राहिले. बांधणीच्या कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही. तिथे यंत्रांपुढे सगळेच बहिरे.

तळघर केवढं, कपाटाएवढं. ड्रमच्या डाव्या अंगाला तुझ्या बाबाच्या स्पीकरचा खोका. तो त्याने स्वतः बनवलेला. लाकूड जुन्या दाराचं, आतले भाग कुठून कुठून आणलेले. बोलताना ज्याचा आवाज निघायचा नाही, त्याने एवढा मोठा आवाज स्वतःच्या हाताने केला होता! पहिल्यांदा चालू केला तेव्हा वर लॉन्ड्रीतल्या टेबलावर गुंड्या नाचल्या. त्याचा चेहरा बघायला हवा होतास. मी त्याला "जरा कमी कर" म्हणणार होते? माझ्या तोंडून ते निघालं नसतं.

शेवटच्या कार्यक्रमात तो गाण्यात मध्येच थांबला आणि मी वाजवतच राहिले. मला कळलंच नाही. लोकांना वाटलं, वा, काय नवीन प्रकार काढला, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "गळा गेला माझा, पुरे आता." मला तर बरंच वाटलं, की आता सांगावं लागणार नाही. तू त्याच्या पुढच्याच महिन्यात झालीस. त्यात तुझा काही संबंध नाही, पोरी.

त्याला कळलं तर तो काय म्हणेल, हे मला पाठ आहे. माझ्या खोक्याने बहिणीचे कान खाल्ले. ते ओझं त्याच्यावर नको, म्हणून लांब राहिले. आता मी आले, तो गायला लागला आणि मी ठोंब्यासारखी बघत बसले, तर त्याला त्याच क्षणी कळेल. आजारी माणसाला हे द्यायला मी बसमध्ये बसू?

कानात एक शिट्टी तेवढी चालू असते, दिवसरात्र. त्याचा स्पीकर बंद करायचा राहून गेल्यासारखी.

तुझी,
आत्या


१० मार्च

आत्या,

मला आधी का नाही सांगितलंस, हे नंतर भांडू. समोरासमोर, कागदावर लिहून.

ये. त्यांना तुझे कान नकोत, तुझा हात हवाय. गळ्याकडे बघायला ऐकू यावं लागत नाही. तूच शिकवलंस.

बसथांब्यावर मी उभी असेन. हाक मारणार नाही. हात हलवीन.

भिंगरी


२३ मार्च

लाडके भिंगरी,

घरी परत पोचले. मांजरीने तोंड फुगवलंय, पण ते चालायचंच. मावशींना माझा नमस्कार सांग. निघताना त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी मोठ्याने सांगितलं. माझ्या मानेला वारा लागला तेवढा. चांगलंच असणार.

मला जे दिसलं ते लिहिते, म्हणजे माझ्याजवळ राहील. तो किती लहान झालाय गं! उशीत मावतोय. पण गळा तोच. मी काठ्या घेतल्या, दोन ठोके दिले, आणि खांदा वर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझ्या अख्ख्या आयुष्यातली तळघरं डोळ्यांपुढून गेली. तिसरा दिला. त्याचं तोंड उघडलं. मी एका काठीने गादीवर ताल धरला आणि दुसरा तळवा पलंगाच्या दांडीवर टेकवला, तर दांडी गुणगुणत होती. तळव्यातून कोपरापर्यंत आलं. सूर कुठला, शब्द कुठले, काही कळलं नाही. पण तो गात होता, एवढं लोखंडाने मला सांगितलं. तू तोंडावर हात धरून खिडकीशी उभी होतीस. ते बघून मला कळलं की बरं गातोय.

मग तो थांबला. या खेपेला मीही थांबले.

त्यानंतर त्याने डावा हात उचलून माझ्या डाव्या कानावर ठेवला. आपण उन्हातून आलेल्या पोराच्या डोक्यावर ठेवतो तसा. आणि काहीतरी म्हणाला. लोकांचे ओठ मी बरे वाचते, पण त्याचं तोंड वाकडं झालेलं, मला एक अक्षर लागलं नाही. डोळे मात्र तेच, कार्यक्रम संपल्यावरचे. मी समजले, रोजचंच विचारतोय, वाईट झालं ना गं. म्हणून मी रोजचंच उत्तर दिलं. तो हसला, डोळे भरून आले, आणि कानावरचा हात तसाच ठेवून झोपला.

तू मागून येऊन मला इतकी घट्ट का धरलीस, तेव्हा विचारायचं राहिलं. तो काय गायला, आणि काय म्हणाला, मला लिही. मी विचारणार नव्हते. पण आता राहवत नाही.

आत्या


१ एप्रिल

प्रिय आत्या,

शिंप्याच्या दुकानात मी परवाच फोन केला. त्याने खुणा करून तुला सांगितलं असेल. बाबा पहाटे झोपेतच गेले. चेहरा दाराकडे नव्हता. हे तुला सांगायचंच होतं.

तू विचारलंस ते लिहिते.

ते तुमचं तळघराचं गाणं गायले. मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

वरच्या मजल्यावर दिवे आहेत,
खालच्या मजल्यावर आम्ही आहोत.
पाणी येतंय, पाणी येतंय,
नळ कोण बंद करणार?

शब्द मोडत होते, पण आवाज मोडत नव्हता. आत्या, त्यांचा गळा कधीच गेला नव्हता. मी लहान असताना ते न्हाणीघरात गायचे, मी दाराशी आले की बंद करायचे. तेव्हा मला वाटायचं लाजतात.

आणि कानावर हात ठेवून त्यांनी "वाईट झालं ना" असं विचारलं नाही. त्याच चालीत, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले, "ताई... आवाज... फार मोठा... होता?"

त्यांना ठाऊक होतं. तू वाजवत राहिलीस त्या दिवसापासून. म्हणून बँड सोडला, म्हणून "फोन करू नकोस, पत्र लिही", म्हणून माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला दाराशी उभं राहून तो एकच प्रश्न. तुला ओझं नको म्हणून ते बोलले नाहीत, आणि त्यांना ओझं नको म्हणून तू. मी मधे बसून तुमचं भांडण शोधत होते.

त्यांनी विचारलं, आणि तू न ऐकताच हसून म्हणालीस, "चल, पुन्हा वाजवू." म्हणून मी तुला धरलं. दुसरं कुठलंही उत्तर त्यांना पुरलं नसतं.

दुकानात मागच्या फळीवर जुन्या दाराच्या लाकडाचा एक खोका सापडला. आतलं सगळं काढून टाकलेलं. नुसती चौकट, पुसून ठेवलेली.

भिंगरी


६ एप्रिल

लाडके भिंगरी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उजेडात खिडकीशी बसून वाचलं. मग मांजराला वाचून दाखवलं. माझा आवाज मला ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने वाचलं कोण जाणे. शिंपी घाबरून वर आला.

आता प्रश्न कळला, तर नीट उत्तर द्यायला हवं. त्याला पोचणार नाही, म्हणून तुला देते. हो रे बाबा. मोठा होता. फार मोठा होता. गुंड्या नाचायच्या, पाइपातलं पाणी थरथरायचं, आणि ज्या पोराला घरात जेवताना बोलता येत नव्हतं त्याचं बोलणं रस्त्यापर्यंत जायचं. मी त्याच्या अगदी शेजारी बसून ते ऐकलंय. तेवढं ऐकून झाल्यावर कान गेले तर गेले.

खोका टाकू नकोस. त्यात तुझ्या काठ्या ठेव. बुचं घालत जा.

इथे संध्याकाळी फार शांत असतं, म्हणजे लोकांना असतं. मला नसतं. डाव्या कानातली शिट्टी चालूच आहे. तो स्पीकर बंद करायचा राहून गेलाय. राहू दे.

तुझी,
आत्या